दोन बुलेटचं एक इंजिन: ६९३ सीसी व्ही-ट्विन, घरचं इंजेक्शन आणि बारा मिनिटांनी मरणारी गाडी

साडेतीनशे (कोल्हापूर) | ६ एप्रिल, रात्री ११:१०

मंडळी, चार वर्षं इथं फुकटचा वाचक आहे. आता पार अडलोय म्हणून पहिला धागा काढतोय. लांब आहे, सांभाळून घ्या.

माझ्याकडं कास्ट आयर्न बुलेट ३५० ची दोन इंजिनं भंगारात आली होती. बोअर ७०, स्ट्रोक ९०, म्हणजे एकेक ३४६ सीसी. दोघांचेही क्रँककेस (इंजिनचं खालचं घर) फुटलेले, पण हेड-ब्लॉक ठणठणीत. वडील तीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्र्यांसाठी पॅटर्न (ओतकामाचे लाकडी नमुने) बनवत होते. त्यांना नुसतं विचारलं, "दोन्ही ब्लॉक एका केसवर बसतील का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी सागवानाचा तुकडा रंधायला घेतला.

केस एलएम २५ अ‍ॅल्युमिनियमचा. पहिलं ओतकाम वाया गेलं. बाहेरून आरशासारखं, पण मेन बेअरिंगचं घर बोअर करायला घेतल्यावर आत वारुळासारखी छिद्रं. तसंच जोडून रॉकेल भरून ठेवलं तर सकाळी भिंतीला घाम फुटावा तसं बाहेर आलेलं. दुसऱ्या वेळी वडिलांनी जाड भागांवर रायझर (धातू आकसताना भर पुरवणाऱ्या वाटा) मोठे ठेवले, मग केस भट्टीतून हीट ट्रीटमेंट करून आणला. तो आजवर पाझरलेला नाही.

दोन सिलिंडरमधला व्ही ६० अंशाचा. फार विचार वगैरे नाही, आमच्या डिव्हायडिंग हेडवर (कोन मोजून जॉब फिरवायचं साधन) ६० सोपं पडतं. क्रँकपिन एकच, त्यावर दोन्ही रॉड शेजारी-शेजारी. बुलेटचा बिग एंडचा फ्लोटिंग बुश काढून नीडल केज (सुईसारख्या रोलरची बेअरिंगं) टाकले. पिन ईएन ३६ पोलादाची, केस हार्डन करून ग्राइंड केलेली. क्रँक सेंटरमध्ये धरून डायल लावून ठोकत ठोकत ०.०२ मिमीच्या आत आणायला तीन रविवार गेले. तांब्याचा हातोडा आणि शिव्या, दोन्ही लागतात.

पहिल्यांदा सुरू केली तेव्हा एकच मिककार्ब व्हीएम २४ कार्बोरेटर आणि वाय आकाराची नळी. चालली, पण मागचा सिलिंडर कायम कोरडा (पेट्रोल कमी) आणि पुढचा कायम काळा (पेट्रोल जास्त). दोन कार्ब लावावेत तर व्हीच्या बेचक्यात जागा नाही आणि बाजूला काढले तर गुडघ्याला लागतात. म्हणून इंजेक्शन केलं. थ्रॉटल बॉडी ठोकळ्यातून ३२ मिमी बोअर करून काढली, बटरफ्लाय पितळेची. इंजेक्टर दोन, पंप आणि तीन बारचा रेग्युलेटर हे सगळं कारच्या भंगारातलं. इंजेक्शनचं डोकं स्पीडुइनो नावाच्या कंट्रोलरचं, आर्डुइनो मेगा या छोट्या बोर्डवर चालणारं. टाकी घरीच पत्रा वाकवून केलेली, सात लिटरची.

दुखणं असं. थंड असताना दुसऱ्या किकला सुरू. आयडल जरा लंगडं, बाकी झकास. बाराव्या-तेराव्या मिनिटाला मागचा सिलिंडर थ्रॉटलमधून फटाके मारतो, मग दोन्ही ढेपाळतात आणि गाडी बंद. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. मागचा प्लग पांढराफटक. मेव्हण्याच्या वीटभट्टीच्या आवारात फेऱ्या मारतो, रस्त्यावर नेत नाही (हे आधीच सांगून ठेवतो).

कुणाला काही सुचतंय का?

---

किक मारून बघ (इचलकरंजी) | ६ एप्रिल, रात्री ११:३२

नाद खुळा भावा!! मदत काय करू शकत नाही, पण आवाजाचा व्हिडिओ टाक की. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

बाकरवडी (पुणे) | ७ एप्रिल, सकाळी ८:०५

कौतुक आहेच, पण एक व्यावहारिक प्रश्न. एकूण खर्च किती झाला? एन्फिल्डची ६४८ सीसीची ट्विन इंटरसेप्टर २०१८ पासून शोरूममध्ये मिळते. वॉरंटीसकट.

---

साडेतीनशे | ७ एप्रिल, सकाळी ८:४०

वडिलांची मजुरी धरली नाही तर सहा वर्षांत एक लाख नव्वद हजार. धरली तर तुमची इंटरसेप्टर स्वस्त आहे, मान्य. पण रविवारी दुपारी जेवून तिच्याकडं नुसतं बघत बसण्याशिवाय काय करायचं, सांगा.

---

अण्णा जावावाले (नाशिक) | ७ एप्रिल, सकाळी १०:१५

बाळ, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मी म्हैसूरच्या कारखान्यातून आलेल्या येझदीवर उभी हयात काढली. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला त्या दिवशी मला घरात कुणी काही बोललं नाही, इतकं सांगतो. माझा अनुभव असा की, गरम झाल्यावर मरते आणि थंड झाल्यावर जगते ती कॉइल. आतली तार तापली की सुटते, निवली की जुळते. उन्हाळ्यात कसारा चढताना आमचीही गाडी अशीच बसायची. आम्ही कार्बोरेटरवर ओलं फडकं टाकून, शेंगदाणे खाऊन पुन्हा निघायचो. कॉइल बदलून पाहा.

---

साडेतीनशे | ८ एप्रिल, रात्री ९:५०

अण्णा, नमस्कार पोचवला. आज दोन्ही कॉइल बदलल्या. शिवाय बंद पडल्या पडल्या प्लग काढून केसला टेकवून किक मारली, ठिणगी निळी आणि जाड. कॉइल सुटली (म्हणजे संशयातून).

---

धातुकन्या (सांगली) | ८ एप्रिल, रात्री १०:३०

मी फाउंड्रीत मेटलर्जी बघते, त्यामुळे आधी ओतकामाचं विचारते. एलएम २५ विरघळवणीसाठी ५२५ ते ५४५ अंशांवर धरून, गरम पाण्यात बुडवून, मग १५५ ते १७५ ला आठ-दहा तास असं झालं होतं का? की नुसतं भट्टीत तापवून गार केलं? नुसतं तापवलं असेल तर बेअरिंगची घरं चालून चालून सैल होतील. आज नाही, वर्षभरात.

दुसरं, मागचा सिलिंडर पुढच्याच्या सावलीत आहे, हवा कमी लागते. पुशरॉड थंड असताना कसे लावलेत? गरम कॉम्प्रेशन मोजलं का? व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर थ्रॉटलमधून फटाके येतातच.

---

साडेतीनशे | ९ एप्रिल, रात्री १०:००

ताई, हीट ट्रीटमेंट तुम्ही म्हणता तशीच, वडील स्वतः भट्टीपाशी डबा घेऊन बसले होते. पुशरॉड बोटानं फिरतील पण खडखडणार नाहीत असे, बुलेटच्या रीतीनं. कॉम्प्रेशन थंडला पुढं सात बार, मागं पावणेसात. बंद पडल्यावर लगेच मोजलं तर दोन्ही तितकंच. तिथंही चोर नाही.

---

स्टुटगार्टकर | १० एप्रिल, पहाटे २:२०

उशिरा आलो. तुझं लंगडं आयडल आधी घेऊ, ते मला कळतंय.

एका पिनवरचा ६० अंशाचा व्ही म्हणजे दोन स्फोटांमध्ये क्रँक एकदा ३०० अंश फिरते आणि एकदा ४२०. (४५ अंशाच्या हार्लेत ३१५ आणि ४०५. तो 'पोटॅटो पोटॅटो' आवाज त्यातूनच येतो.) तुझी थ्रॉटल बॉडी एक, नळी सामायिक. ज्या सिलिंडरचा श्वास ३०० अंशांनी येतो त्याला आधीच्यानं अर्धवट रिकामी केलेली नळी मिळते, दुसऱ्याला भरलेली. कार्बला हे कळत नव्हतं म्हणून एक कोरडा, एक काळा. आता मॅप सेन्सर (नळीतला हवेचा दाब मोजणारा) त्याच नळीवर आहे, म्हणजे तोही तेच झोके मोजतोय. स्पीडुइनोत मॅप सॅम्पलिंग बदलून 'सायकल मिनिमम' कर. तरी नाचला तर मॅप सोडून दे आणि थ्रॉटल किती उघडला आणि आरपीएम किती, या दोनच गोष्टींवर टेबल बनव. दोन सिलिंडरना वेगवेगळा ट्रिम (इंधन थोडं कमी-जास्त) दे.

आणि मिश्रण बघताना १४.७ हा आकडा (हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण) डोक्यातून काढ. तो शुद्ध पेट्रोलचा. ई२० ला (वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) साडेतेराच्या आसपास लागतं. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरवर लॅम्बडा (हवा आदर्शाच्या किती पट) बघ, लॅम्बडा १ म्हणजे १, इंधन कुठलंही असो.

---

साडेतीनशे | १२ एप्रिल, रात्री ११:४५

साहेब, दंडवत. आयडल इतकं शांत झालं की वडील आतून विचारायला आले, "बंद पडली का?" मागच्याला सहा टक्के जादा दिलं, प्लग आता फिकट चहाच्या रंगाचा.

पण मरते अजून. बाराऐवजी चौदाव्या मिनिटाला.

---

काळा कोट (मुंबई उपनगर) | १३ एप्रिल, दुपारी १:१०

विरजण घालतो, माफ करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. निर्मात्यानं मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इथं तर इंजिनच नवं, नंबर कुठून आणणार? गाडी उत्पादक म्हणून मंजुरी घ्यायची तर पुण्यात एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचण्या आहेत, पण तो खर्च एका गाडीसाठी करायचा नसतो.

---

बाकरवडी | १३ एप्रिल, दुपारी १:२५

तेच म्हणत होतो.

---

किक मारून बघ | १३ एप्रिल, दुपारी १:४०

काका तो रस्त्यावर नेतच नाही म्हणालाय पहिल्याच पोस्टमध्ये. वाचा तरी.

आणि असं करणारा हा काय पहिला नाही. अनिकेत वर्धन हा आपल्याच देशातला माणूस, अमेरिकेत ओहायोत राहून बुलेटच्या हेड-ब्लॉकवर 'मस्केट' व्ही-ट्विन केली. ऑस्ट्रेलियाच्या पॉल कार्बेरीनं तर एन्फिल्डची हजार सीसी व्ही-ट्विन केली, पुढं ते प्रकरण छत्तीसगडात भिलाईला आलं.

---

दक्षिण ध्रुवाजवळ (न्यूझीलंड) | १३ एप्रिल, दुपारी ४:००

इथं राहून बर्ट मन्रोचं नाव घेतलं नाही तर व्हिसा रद्द करतील. गाडी १९२० ची इंडियन स्काउट, मुळात ६०० सीसी, ताशी ५५ मैलांची. हा गडी इन्व्हरकार्गिलच्या शेडमध्ये जुन्या डब्यांचे साचे करून पिस्टन ओतायचा. १९६७ मध्ये वयाच्या ६८ व्या वर्षी बॉनव्हिलच्या मिठावर हजार सीसीखालचा विक्रम केला, १८४.०८७ मैल, म्हणजे ताशी २९६ किलोमीटर. तुटलेले पिस्टन-रॉड एका फळीवर मांडून ठेवायचा, वर लिहिलेलं: वेगाच्या देवाला अर्पण. त्याची गाडी तिथल्या ई. हेज नावाच्या हार्डवेअरच्या दुकानात ठेवलेली आहे. खिळे घ्यायला गेलो आणि अर्धा तास तिथंच उभा. बायको गाडीत.

साडेतीनशे, पहिला फसलेला केस टाकू नका. फळीवर ठेवा.

---

साडेतीनशे | १३ एप्रिल, रात्री १०:२०

तो केस आई कुंडी म्हणून वापरते. कोरफड आहे त्यात.

वकीलसाहेब, रागावलो नाही. आरटीओच्या दारात न्यायची इच्छाही नाही.

---

तेलकट हात (छत्रपती संभाजीनगर) | १४ एप्रिल, सकाळी ७:३०

सगळा धागा वाचला. कॉइल झाली, व्हॉल्व्ह झाले, मॅप झाला. मी गॅरेजवाला आहे, मला एवढंच सांग: बंद पडते तेव्हा टाकीत पेट्रोल किती असतं?

आणि रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर गेज आहे का? नसेल तर आधी ते लाव, मग बोलू. गेजशिवाय इंजेक्शन म्हणजे थर्मामीटर न लावता ताप सांगणं.

---

साडेतीनशे | १४ एप्रिल, रात्री ९:१५

दोन लिटर घालतो दर वेळी. नवी गाडी, जवळ भट्टी, भीती वाटते म्हणून जास्त भरत नाही. गेज नव्हतं, आज लावलं.

सुरुवातीला तीन बार, सुई खिळलेली. दहाव्या मिनिटाला सुई थरथरायला लागली. बाराव्याला अडीच, चौदाव्याला १.६ आणि बंद. पंपाचा आवाजही बदलतो, घों चं किर्र होतं. इतके दिवस ते ऐकू कसं आलं नाही कळत नाही. सायलेन्सर नाही म्हणून असेल.

---

तेलकट हात | १४ एप्रिल, रात्री ९:२५

उद्या टाकी गच्च भरून चालव. बाकी काही बदलू नको.

---

साडेतीनशे | १५ एप्रिल, रात्री ८:५०

एकतीस मिनिटं!!!

---

तेलकट हात | १५ एप्रिल, रात्री ९:००

मग सापडलं. पंप कुठं बसवलाय, टाकीतून पंपाला पेट्रोल कशातून येतं, रेग्युलेटर कुठं आहे?

---

साडेतीनशे | १५ एप्रिल, रात्री ९:३०

पंप सीटखाली, टाकीच्या तळापेक्षा दोन बोटं वरच म्हणा. टाकीला बुलेटचाच पेट्रोल कॉक. रेग्युलेटर रेलच्या टोकाला, व्हीच्या बेचक्यात, मागच्या हेडपासून आठ सेंटिमीटर. तिथून रिटर्नची नळी परत टाकीत.

---

स्टुटगार्टकर | १६ एप्रिल, पहाटे १:५०

अरे देवा. मी मॅप घेऊन बसलो आणि हे विचारलंच नाही.

हिशोब बघ. कारचा पंप तासाला साधारण ९० लिटर फेकतो, म्हणजे मिनिटाला दीड लिटर. तुझं इंजिन अशा फेऱ्यांमध्ये तासाला जेमतेम तीन लिटर पितं. बाकी सगळं मागच्या हेडशेजारून गरम होऊन टाकीत परत. टाकीत दोन लिटर, म्हणजे दर दीड मिनिटाला अख्खं पेट्रोल एक चक्कर मारून येतं! शिवाय पंप साडेचार-पाच अँपिअर घेतो, तेच ५५ वॉट पेट्रोलमध्ये उष्णता म्हणून जातात. दीड किलो पेट्रोलला नुसता पंपच मिनिटाला एक अंश तापवतो. हेडची उष्णता वेगळी. कोल्हापुरात एप्रिलची दुपार, तेव्हा सुरुवातच ३६ पासून.

रेलमध्ये तीन बार दाब असतो, तिथं पेट्रोल उकळत नाही. उकळतं ते पंपाच्या तोंडाशी, जिथं ओढ असते. तुझा कॉक आहे कार्बोरेटरला थेंब थेंब पाजणारा, त्यातून मिनिटाला दीड लिटर ओढायचं म्हणजे उसाच्या रसात स्ट्रॉऐवजी सुई घालणं. पंप वर, भोक बारीक, पेट्रोल गरम. तोंडाशी वाफ झाली की पंप वाफच चावत बसतो, दाब पडतो, मिश्रण कोरडं, फटाके. मागचा आधी मेला कारण तो आधीच काठावर होता. त्यात थोडं इथेनॉल मिसळलं की बाष्पदाब नुसत्या पेट्रोलपेक्षा वाढतो.

---

किक मारून बघ | १६ एप्रिल, सकाळी ७:१५

म्हणजे आमच्याच उसानं घात केला म्हणायचा 😄

---

अण्णा जावावाले | १६ एप्रिल, सकाळी ९:४०

बाळ, म्हणजे आमचं ओलं फडकं बरोबर होतं, मीच कॉइलचं नाव घेतलं. पन्नास वर्षं फडकं टाकलं आणि कारण दुसरंच समजत राहिलो.

---

तेलकट हात | १६ एप्रिल, सकाळी ११:००

आता इलाज. कारचा पंप फेकून दे (मला दे). बीएस६ बाइकचा टाकीतला पंप मॉड्यूल घे, त्यात पंप, गाळणी, रेग्युलेटर सगळं एकत्र असतं. रेग्युलेटर टाकीतच असल्यामुळं लागेल तेवढंच पेट्रोल रेलपर्यंत जातं, परत येत नाही. तोंड पेट्रोलमध्ये बुडालेलं, कॉकची भानगडच नाही. करंटही कमी खातो, तुझ्या बॅटरीला बरं.

पुरेल का ही शंका येईल. ३३ हॉर्सपॉवर धरली तरी फुल थ्रॉटलला तासाला दहा-साडेदहा लिटर. आरामात पुरतो. इंजेक्टरही दर मिनिटाला १०५-११० सीसीचे बास, ई२० साठी थोडे वरचे घे. कारचे मोठे इंजेक्टर आयडलला नीट थेंब सोडत नाहीत.

टाकीला भोक पाडून फ्लँज वेल्ड करशील तेव्हा नीट ऐक. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते. साबणाच्या गरम पाण्यानं तीनदा धुवायची, मग वेल्डच्या जागेखाली बोटभर सोडून पाण्यानं भरायची आणि झाकण उघडं ठेवून वेल्ड करायचं. आमच्या गल्लीत एकाच्या भुवया अजून आलेल्या नाहीत.

नळी कार्बची लावू नको. आर९ छापलेली इंजेक्शनची नळी घे आणि क्लिप गोल दाबणारी, स्क्रूची करवती नको. पडल्यावर पंप बंद करणारा स्विच लाव. आणि वीटभट्टीत आग विझवायचा डीसीपीचा (कोरड्या पावडरचा) सिलिंडर गाडीच्या बाजूला, शेडच्या आत नाही.

---

धातुकन्या | १६ एप्रिल, दुपारी २:१५

टाकी साध्या पत्र्याची ना? ई२० पाणी ओढतं, तळाशी साचलं की वेल्डच्या कडेनं गंज सुरू होतो आणि पंपाची गाळणी तांबडी होते. आतून इंधन टाकीचं अस्तर द्या आणि महिनाभर पेट्रोल घालून उभी ठेवू नका. फ्लँजचा ओ-रिंग साधा काळा नायट्राइल नको, व्हायटॉनचा घ्या.

---

साडेतीनशे | ४ मे, रात्री १०:४०

मंडळी, उशीर झाला. अस्तर वाळायला आठवडा गेला आणि मधे गावची जत्रा होती.

तेलकट हात यांनी सांगितलं तसं सगळं केलं. मॉड्यूल एका बीएस६ गाडीच्या अपघाती टाकीतून मिळाला. फ्लँजचं वेल्डिंग वडिलांनी मला करू दिलं नाही, स्वतः केलं, पाणी भरून. रेल बेचक्यातून वर घेतली आणि हेड-रेलच्या मधे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उभा केला.

आज दुपारी साडेतीनला मुद्दाम कडक उन्हात काढली. टाकीत मोजून दोन लिटर. बारावं मिनिट आलं तेव्हा मेव्हणा, भट्टीवरची पोरं, सगळे रांगेत उभे. सुई तीनवर. चौदा. वीस. पंचविसाव्या मिनिटाला पोरं कंटाळून कामाला गेली. वडील खुर्ची घेऊन बसलेले, त्यांनी फक्त हात वर करून अजून एक फेरी असं सांगितलं.

एकेचाळिसाव्या मिनिटाला आवारात सगळ्यात लांबच्या टोकाला फट् फट् करून बंद पडली.

---

तेलकट हात | ४ मे, रात्री १०:५०

गेज?

---

साडेतीनशे | ४ मे, रात्री १०:५२

शून्य. पेट्रोल संपलं होतं.

---

अण्णा जावावाले | ५ मे, सकाळी ६:३०

रिझर्व्हला लावायची की.

---

साडेतीनशे | ५ मे, सकाळी ८:००

अण्णा, रिझर्व्ह त्या कॉकात होता. वडिलांनी आणि मी ढकलत आणली. १९० किलो आहे.